अंगाला नको, तारखेला विचारा

पाळीला आपल्याकडे 'महिना' म्हणतात. वेळेवर आली नाही की 'पाळी चुकली' म्हणतात. बाई गरोदर राहिली की तिला 'दिवस गेले', आणि बाळंतपण जवळ आलं की 'दिवस भरले'. सगळे शब्द मोजणीचे. म्हणजे हा हिशेब दिवसांचा आहे, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मनात शंका आली की आपण दिवस मोजायचं विसरतो आणि अंग चाचपत बसतो. छाती दुखतेय का? मळमळतंय का? कंबर भरून आलीय का?

डहाणूच्या फुग्याच्या कारखान्यात दिवसभर उभं राहणारी बाई असो, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीत राबणारी असो, की तलासरीहून रोज उंबरगावच्या कारखान्यात जाणारी मुलगी, पाळीच्या आधीच्या आठवड्यात तिला हे प्रश्न पडतातच. शेजारीण म्हणते, "अगं, येईल उद्या-परवा." जाऊ म्हणते, "मला तर दिवस गेल्यासारखे दिसतात." दोघी मायेनं बोलतात आणि दोघी अंदाजच करतात. पाळीपूर्वीचा त्रास आणि गरोदरपणाची सुरुवात या दोन्ही वेळी अंग जवळजवळ तीच भाषा बोलतं. म्हणून हा लेख. अंगाच्या खुणा किती विश्वासाच्या, तारीख कशी लक्षात ठेवायची, तपासणी कधी आणि कुठे करायची, आणि उत्तर काहीही आलं तरी पुढे काय करायचं, ते क्रमानं पाहू.

दोन्हीचं मूळ एक

पाळीच्या दोन फेऱ्यांच्या साधारण मध्यावर बीजकोशातून बीज बाहेर पडतं. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. गर्भ राहिलाच तर त्याच्यासाठी गर्भाशयाचं अस्तर तयार ठेवणं हे त्याचं काम. याच प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन जड होतात, पोट फुगल्यासारखं वाटतं, शौचाला साफ होत नाही, झोप येत राहते.

गर्भ राहिला नाही, तर दोन आठवड्यांत हे संप्रेरक उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. गर्भ राहिला, तर ते उतरत नाही. म्हणजे पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस, गर्भ असो वा नसो, शरीरात काम करणारं संप्रेरक एकच असतं. मग खुणा वेगळ्या कशा असतील?

गर्भाची स्वतःची खूण म्हणजे एचसीजी हे दुसरं संप्रेरक. बीज फळल्यावर ते गर्भाशयात रुजायला साधारण सहा ते बारा दिवस लागतात आणि रुजल्यानंतरच हे एचसीजी तयार व्हायला लागतं. सुरुवातीला ते अगदी थोडं असतं, पण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. म्हणून पाळीची तारीख उलटायच्या आत कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी तो तर्कच.

पाळीपूर्वीच्या त्रासाला वैद्यकात 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' असं नाव १९५३ मध्ये पडलं. बायकांना तो त्याआधीही होताच. नाव मिळाल्यावर डॉक्टर त्याच्याकडे लक्ष देऊ लागले इतकंच.

एकेक खूण तपासून पाहू

छाती. दोन्हीत दुखते. पाळीपूर्वीचं दुखणं पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत ओसरतं. गरोदरपणात ते ओसरत नाही. पुढच्या काही आठवड्यांत स्तन अधिक भरतात, निळसर शिरा दिसू लागतात, बोंडांभोवतीचा भाग गडद होतो. हा फरक खरा आहे, पण तो दिसेपर्यंत पाळी चुकून बरेच दिवस झालेले असतात.

पोट आणि कंबर. पाळीच्या कळा पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात आणि रक्त जायला लागल्यावर पहिल्या दिवसांत जोर धरतात. गर्भ राहिल्यावरही ओटीपोटात हलकी ओढ जाणवते. तिचा जोर बहुधा कमी असतो आणि तिच्यामागून पाळी येत नाही. एकाच बाजूला जोरात दुखत असेल तर ती गोष्ट वेगळी; तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

मळमळ. सिनेमात नायिका एकदा तोंडाला पदर लावते आणि घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात मळमळ बहुतेक जणींना शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, म्हणजे पाळी चुकल्यावर पंधरा दिवसांनी. काहींना ती होतच नाही. पाळीपूर्वी मळमळ कमी जणींना होते, पण होते. वासाचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास जन्मभर घेतलेल्या बाईला तोच वास एकाएकी सोसेनासा झाला आणि पाळीही चुकलेली असेल, तर तपासणी करून घ्यावी.

थकवा. ही सर्वांत फसवी खूण. पाळीपूर्वी थकवा येतो, गरोदरपणाच्या सुरुवातीला तर फार येतो. पण आपल्याकडे थकव्याचं तिसरं कारण आधीच घरात बसलेलं असतं: अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. माती, चुलीची राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं याला आपण सहज 'डोहाळे' म्हणतो. पण गरोदर नसलेल्या बाईलाही लोह कमी पडलं की अशीच वासना होते. महिन्यातले सगळेच दिवस दम लागत असेल तर पाळीला दोष न देता हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डाग. पाळीच्या सुमारास कपड्याला गुलाबी किंवा तपकिरी ठिपका लागतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो. गर्भ रुजताना काही जणींना असा डाग लागतो. त्यालाच पाळी समजून महिनाभराचा हिशेब चुकतो. ओळखायची रीत सोपी आहे. तुमची पाळी नेहमी जेवढे दिवस आणि जेवढी जाते, तेवढी गेली का? 'या वेळी अगदीच कमी गेलं' असं वाटलं, तर आठवड्यानं तपासणी करा. आणि रक्त दिसलं म्हणून गर्भ नाही असंही धरू नका. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एका गरोदर बाईला थोडाफार रक्तस्राव होतो.

मन. उगाच रडू येणं, भांड्यांवर राग निघणं, कुणाशी बोलू नये असं वाटणं पाळीपूर्वी फार जणींना होतं आणि पाळी आल्यावर आभाळ निवळल्यासारखं होतं. गरोदरपणातही मन हळवं होतं. यावरून फरक करता येत नाही. पण दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत जीव नकोसा वाटत असेल, तर तो स्वभाव नव्हे, उपचार होणारा आजार आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जा.

लघवी. वारंवार लघवीला जावं लागणं ही गरोदरपणाची खूण, पण ती काही आठवड्यांनी येते. जळजळ होत असेल, ताप असेल, तर तो मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग असू शकतो. कामाच्या जागी शौचालय नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या आणि लघवी अडवून धरणाऱ्या बायकांना तो नेहमी होतो.

या सगळ्या यादीत पक्का फरक एकच निघाला: त्रासामागून पाळी आली की नाही. म्हणून आता तारखेकडे वळू.

तारीख कशी धरायची

दवाखान्यात सिस्टर पहिला प्रश्न विचारतात, "शेवटची पाळी कधी आली?" त्यांना हवी असते ती पाळी सुरू झाल्याची तारीख, थांबल्याची नव्हे. गरोदरपणाचे आठवडे तिथूनच मोजतात. प्रसूतीची अंदाजे तारीखही तिथूनच निघते: त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० जूनला पाळी सुरू झाली असेल, तर १७ मार्च.

घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर त्यावर खूण करा. पण भिंतीवरचं कॅलेंडर सगळं घर वाचतं, आणि प्रत्येकीला ते आवडत नाही. मग फोनमध्ये नोंद ठेवा, किंवा डाळीच्या डब्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीची रेघ ओढा, किंवा दोऱ्याला गाठ मारा. कशीही ठेवा, पण स्वतःची नोंद स्वतःकडे असू द्या.

लिहिता येत नसेल किंवा महिना उलटून गेला असेल, तर आपल्या सणांवरून आणि कामांवरून तारीख शोधता येते. होळीच्या आधी की नंतर? विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. त्या जत्रेला गेलात तेव्हा पाळी होती का? आवणीला चिखलात उतरलात त्या दिवसांत आली होती का? नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात गेल्या तेव्हा? वाघबारशीला? भातझोडणीला? बाजाराचा वार आठवला तर आणखी चांगलं. अशी आठवण सांगितली की आशाताई किंवा सिस्टर कॅलेंडर काढून तारीख लावतात. 'आठवत नाही' म्हणून गप्प बसण्यापेक्षा 'आवणी संपली त्याच्या दोन दिवस आधी' हे उत्तर कितीतरी कामाचं.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस गेले तर ते नेहमीचंच. २८ हा आकडा सर्वांना लागू नाही. जिची पाळी दर ३४ दिवसांनी येते, ती तिसाव्या दिवशी घाबरून पट्टी तपासते आणि जिची २४ दिवसांनी येते ती तिसाव्या दिवशीही निवांत असते, दोघी चुकतात. तीन महिने तारखा लिहिल्या की तुमचा स्वतःचा आकडा सापडतो.

तारखेच्या शेजारी एवढंच आणखी लिहा: छाती कधीपासून दुखू लागली, चिडचिड कधी सुरू झाली, कधी थांबली. लागोपाठ तीन फेऱ्यांत त्रास पाळीच्या आधीच्या पाच-सात दिवसांतच येत असेल आणि पाळी सुरू झाल्यावर चार दिवसांच्या आत जात असेल, तर तो पाळीपूर्वीचा त्रास. एरवीच्या याच खुणा तारीख उलटल्यावरही रेंगाळल्या, तर तपासणी करायची.

पट्टीची तपासणी

लघवीची पट्टी एचसीजी शोधते. सरकारी योजनेतली 'निश्चय' पट्टी आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. मेडिकलच्या दुकानातही पट्ट्या मिळतात.

कधी करायची? पाळीची अपेक्षित तारीख उलटली की. आठवडा जाऊ दिला तर उत्तर अधिक भरवशाचं. पाळी अनियमित असेल तर संबंध आला त्या दिवसापासून तीन आठवडे मोजा आणि मग करा.

कशी करायची?

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या. रात्रभर साठलेल्या लघवीत संप्रेरक दाट असतं. रात्री खूप पाणी पिऊन, नंतर दिवसा केलेल्या तपासणीत ते पातळ होतं.

पाकिटावरची मुदत पाहा. पाकीट तपासणीच्या वेळीच फोडा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खराब होते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते हे सांगायला नको.

पाकिटावर लिहिलंय तेवढेच थेंब खळग्यात टाका, सपाट जागी ठेवा आणि सांगितलेली मिनिटं थांबा. बहुतेक पट्ट्यांना पाच मिनिटं पुरतात.

'सी' जवळची रेघ आली म्हणजे पट्टी चांगली आहे. तीच आली नाही तर पट्टी बाद; दुसरी घ्या. 'सी' आणि 'टी' दोन्हींजवळ रेघ आली म्हणजे गर्भ आहे. 'टी' ची रेघ फिकट असली तरी ती रेघच. पण पट्टी ठेवून कामाला गेलात आणि तासाभरानं रेघ दिसली, तर ती धरू नका. वाळताना खोटी रेघ उमटते.

एकच रेघ आली आणि तरी पाळी येत नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा. तेव्हाही एकच रेघ असेल तर डॉक्टरांना दाखवा. साखर, मीठ, टूथपेस्ट लघवीत टाकून फेस येतो का पाहण्याचे प्रकार मोबाईलवर फिरतात. त्यांना काही अर्थ नाही.

पाळी नाही, पण दिवसही गेलेले नाहीत

पाळी चुकायला इतर कारणंही असतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या बाईच्या कामाच्या वेळा बदलतात, झोप मोडते, जेवण आटतं, वजन उतरतं. पाळी पुढे जाते. रात्रपाळी, मोठा आजार, घरातलं दुःख यांनीही जाते. थायरॉइड, बीजकोशाचे विकार ही कारणं डॉक्टर शोधतात. नुकती पाळी आलेल्या मुलींची पाळी पहिली दोन वर्षं मागेपुढे होणं स्वाभाविक असतं, आणि चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीही ती चुकते. मात्र 'आता वय झालं' म्हणून चाळिशीतल्या बाईनं तपासणी टाळू नये. त्या वयातही दिवस जातात.

कुटुंबनियोजनाच्या साधनांमुळे तर हिशेब बराच बदलतो. तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनमुळे पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. रक्त आत साठून राहत नाही. ते तयारच होत नाही. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घेतात. तिच्यामुळे दोन पाळ्यांमधलं अंतर वाढू शकतं, पण पंधरा दिवसांहून जास्त उशीर झाला तर तपासणी हवी. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या तातडीच्या गोळीनं पाळी आठवडाभर मागेपुढे होते. त्याहून उशीर झाला तर पट्टी पाहा.

आणि उलटा प्रकारही आहे, तो आपल्या पाड्यांवर फार दिसतो. मूल अंगावर पितंय, बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नाही, म्हणून बाई निर्धास्त असते. पण बाळंतपणानंतर बीज आधी बाहेर पडतं आणि पाळी मागून येते. एकही पाळी न दिसता पुन्हा दिवस जातात ते असे. अंगावर पाजण्याचा आधार फक्त तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला रात्रंदिवस फक्त आईचं दूध, आणि पाळी परतलेली नाही. यातली एक अट मोडली की आधार गेला. अशा आईला तारीख धरताच येत नाही. तिनं मळमळ, थकवा, छातीचं जडपण यांना कमी लेखू नये. सरळ पट्टी करावी.

उत्तर येईपर्यंत

शंका आणि उत्तर यांच्या मधले आठ-पंधरा दिवस गर्भ आहे असं धरूनच वागावं. गर्भाच्या अवयवांची घडण याच सुरुवातीच्या आठवड्यांत सुरू होते.

ताडी-माडी आणि दारू बंद. ताडी आपल्याकडे सणाला, लग्नाला, पाहुण्याला असतेच आणि 'झाडाची आहे, तिनं काय होतंय' असं म्हणतात. आंबलेल्या ताडीत मद्यार्क असतो आणि तो नाळेतून गर्भापर्यंत जातो. मशेरी आणि तंबाखूचंही तेच.

कंबर दुखते म्हणून दुकानातून कुठलीही गोळी घेऊ नका. पाळीच्या कळांवर मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा मेफेनॅमिक ॲसिड असतं, अंगदुखीच्या गोळ्यांत आयबुप्रोफेन. दिवस गेल्याची शंका असताना दोन्ही टाळावीत. अगदीच लागली तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. क्षयाची, फिट्सची, मधुमेहाची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनानं थांबवू नका. डॉक्टरांना शंका सांगा. एक्स-रे काढायची वेळ आली तर आधी सांगा, "माझी पाळी चुकली आहे."

मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जायच्या आधीपासूनच सुरू करणं उत्तम. ती आरोग्य केंद्रात मिळते. भगताकडे जाणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण पोटात घ्यायचा पाला, मुळी किंवा काढा या दिवसांत घेऊ नका. आणि पट्टीची तपासणी भगताला भेटण्याच्या आधी करा.

लगेच दवाखाना गाठा

पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, खांद्याच्या टोकाला विचित्र कळ येतेय, रक्त जातंय. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. यात बाईचा जीव काही तासांत जाऊ शकतो. पट्टी, घरगुती उपाय, सकाळची वाट काही करू नका. १०८ ला फोन करा. डहाणू किंवा कासा उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्या. पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायची सोय तिथून होते.

तासाला एक पॅड किंवा कापड भिजेल एवढं रक्त जात असेल, घाण वासाचं पाणी आणि ताप असेल, पाण्याचा घोटही उलटून पडत असेल, तरीही थांबू नका.

'हो' निघालं तर

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासण्या होतात आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी. ती चहाबरोबर घेऊ नका, अंगाला लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या.

सिकलसेलची तपासणी आवर्जून मागा. आपल्या आदिवासी भागात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो दोष असेल, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून नवऱ्याचीही तपासणी हवी. तुम्हाला स्वतःला सिकलसेल असेल तर पट्टीवर दोन रेघा दिसताच डॉक्टरांना गाठा.

अंगणवाडीत नाव घाला. अंगणवाडी आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली, त्या कामात तिचं मूळ आहे. आज तिथेच अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीची तारीख लागते. नोंद ठेवली होती ती इथेही कामी येते.

कामासाठी भिवंडी-वसईकडे किंवा गुजरातेत जाणार असाल तर निघायच्या आधी आशाताईंना सांगा आणि ते कार्ड कपड्यांच्या बोचक्यात न ठेवता हाताशी ठेवा. तिथल्या सिस्टरला तुमची बोली कळली नाही तरी कार्ड वाचता येतं.

मूल नको असेल, तर तेही बोलता येतं. भारतात कायद्यानं गर्भपात करून घेता येतो: २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानं, २० ते २४ आठवड्यांपर्यंत कायद्यात सांगितलेल्या ठराविक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मतानं. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही, आणि लग्न झालेलं नसलं तरी हक्क जात नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नका; गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत आणि वेळ मात्र जातो.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकांची संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनं घरं तिला लपवतात, आणि लपवण्यात आठवडे जातात. कोवळ्या वयात दिवस जाणं हेच मोठं जोखमीचं. उशीर त्यात भर घालतो. तिला रागावणं नंतर, दवाखाना आधी.

'नाही' निघालं तर

तपासणी दोनदा करून 'नाही' आलं, पाळीही आली, म्हणजे तो पाळीपूर्वीचा त्रास होता. म्हणून तो खोटा ठरत नाही. त्या आठवड्यात झोप पुरी घ्या. सुकी मासळी, पापड, लोणचं कमी करा. मिठानं अंगात पाणी धरतं आणि छाती-पोट जास्त फुगतं. चहा एक-दोन कपांवर आणा. नाचणी, पालेभाज्या, डाळी, ताजी मासळी खा. दिवसभर उभ्यानं काम असेल तर मधे बसायला मागा. पोटऱ्यांवर ताण येत नाही. ओटीपोटाला कोमट पाण्याची बाटली लावा. गर्भ नाही हे पक्कं झाल्यावर दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते. एवढ्यानं भागत नसेल, दर महिन्याला कामावर खाडा पडत असेल, तर उपचार आहेत. तीन महिन्यांच्या नोंदीचा कागद घेऊन जा. डॉक्टरांचं अर्धं काम तो कागदच करतो.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. बायकोची तारीख नवऱ्याला माहीत असण्यात लाजण्यासारखं काही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं, ते असल्याच गोष्टी मराठीत उघडपणे बोलता याव्यात म्हणून. आशाताईंकडून पट्टी आणायला नवरा गेला तर आशाताई हसणार नाहीत.

हे वाचून झाल्यावर एकच करा. शेवटची पाळी कोणत्या दिवशी सुरू झाली ते आठवा. तारीख आली तर उत्तम. नाही आली तर सण आठवा, काम आठवा, बाजाराचा वार आठवा. जे सापडेल ते डब्याच्या झाकणाला आतून लिहून ठेवा, आणि पुढची पाळी आली की त्याखाली दुसरी रेघ ओढा.